वाफेचा मॉप घ्यायचा का? आधी फडके बघू, मग मशीन



वाघोलीत बकोरी रस्त्याकडच्या एका वस्तीतल्या विहारात महिला बचत गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले आणि कर्जाचे अर्ज पुढे आले. एका ताईंनी सात हजार रुपये मागितले. कशासाठी, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "स्टीम मॉप घ्यायचाय." दोघी-चौघी हसल्या. ताई हसल्या नाहीत. त्या सोसायटीतल्या चार घरांच्या फरश्या पुसतात. त्यातल्या एका घरात हे मशीन आहे. ताईंचा नातू आठ महिन्यांचा, नुकताच रांगायला लागलाय. महिन्याभरात त्याला दोनदा जुलाब झाले. "तिथल्या बाळासाठी मी वाफेने फरशी पुसते. मग माझ्या नातवासाठी का नको?"

प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्या लेकराची फरशीही तितकीच स्वच्छ असली पाहिजे. पण सात हजार म्हणजे आपल्या घरात लहान रक्कम नाही. म्हणून हे मशीन काय करते, काय करत नाही, आपल्या खोलीत ते चालेल का आणि तेच काम कमी पैशात कसे होते, हे या वेळी आरोग्य पानावर सविस्तर लिहिते आहे. ज्या भगिनी कामाच्या घरी हे मशीन वापरतात, त्यांनी विजेचा आणि भाजण्याचा भाग जरूर वाचावा.

तीन मॉप, तीन वेगळी कामे

दुकानात तीन वस्तू एकाच रांगेत ठेवलेल्या असतात आणि नावांचा गोंधळ होतो.

स्पिन मॉप म्हणजे लांब दांड्याचा गोल मॉप आणि त्यासोबत पिळायची जाळी असलेली बादली. वीज लागत नाही.

स्प्रे मॉप म्हणजे दांड्याला बाटली लावलेली असते, खटका दाबला की पाणी उडते. यालाही वीज लागत नाही. काही जण हाच 'स्टीम मॉप' म्हणून सांगतात. तो वाफेचा नव्हे.

स्टीम मॉप म्हणजे वायर असलेले मशीन. वरच्या टाकीत पाणी भरायचे. आत ते तापून त्याची वाफ होते आणि खालच्या जाड कापडातून फरशीवर येते. साबण, फिनाईल काही लागत नाही. टाकी साधारण ३०० ते ५०० मिलिलिटरची असते, म्हणजे अर्ध्या लिटरच्या आत खोली पुसून होते. टँकरची वाट बघणाऱ्या आपल्या वाघोलीत हा फायदा मोठा आहे. वाकावे लागत नाही, उकिडवे बसावे लागत नाही. गुडघे दुखणाऱ्या बाईला याची किंमत कळते.

वाफेने जंतू मरतात का?

मरतात, पण वेळ दिला तर. उष्णतेने जंतू मरायला दोन गोष्टी लागतात: पुरेशी उष्णता आणि ती टिकून राहण्याचा वेळ. वाफ बाहेर पडताना १०० अंशांच्या आसपास असते, पण कापडातून थंड फरशीवर आली की झपाट्याने निवते. आपण मॉप सरसर फिरवत गेलो तर फरशी नुसती कोमट होते. जाहिरातीत '९९.९ टक्के जंतूंचा नाश' असे मोठ्या अक्षरात असते. मशीन एका जागी किती सेकंद धरायचे, ते माहितीपुस्तकात बारीक अक्षरात असते. तेवढा वेळ प्रत्येक फरशीवर थांबणारी बाई मी अजून पाहिलेली नाही.

दुसरे म्हणजे कापड. पहिल्या खोलीत ते काळे झाले आणि तसेच दुसऱ्या खोलीत नेले, तर घाण एका जागची दुसऱ्या जागी गेली. मशीन महाग असो की स्वस्त, मळके कापड मळकेच पुसणार.

आधी आपली फरशी बघा

स्टीम मॉप गुळगुळीत, पाणी न पिणाऱ्या फरशीसाठी आहे. व्हिट्रिफाइड किंवा सिरॅमिक टाइल असेल, सांधे नीट भरलेले असतील, तर चालतो.

आपल्या बऱ्याच घरांत कोबा असतो, नाहीतर शहाबादी फरशी. कोब्याला भेगा असतात. शहाबादीचे सांधे उघडे असतात. तिथे वाफ आत शिरते, ओल धरते, आणि भेगेतली माती निघायची ती निघत नाहीच. अशा ठिकाणी कडक ब्रश आणि साबणाचे पाणी जास्त काम करते. मातीच्या किंवा सारवलेल्या जमिनीवर हे मशीन वापरताच येत नाही. कामाच्या घरी लाकडी किंवा लॅमिनेटची फरशी असेल, तर चालेल का ते आधी विचारा. वाफेने ती फुगते, आणि बोल आपल्यावर येतो.

मेक्सिको देशात सरकारने 'पिसो फिर्मे' नावाचा कार्यक्रम राबवला. त्याचा अर्थ पक्की जमीन. गरीब घरांतल्या मातीच्या जमिनीवर सिमेंट घालून दिले. नंतर संशोधकांनी तपासले तेव्हा अशा घरांतल्या लहान मुलांमध्ये पोटातले जंत, जुलाब आणि रक्तक्षय बरेच कमी आढळले. तिथे कोणी वाफेचे मशीन दिले नव्हते. जमीन पुसता येईल अशी झाली, एवढेच. म्हणून आपल्या दारातला, मोरीजवळचा कोबा फुटला असेल तर पहिला पैसा तिथे. घर बांधायचे असेल आणि जागेचे कागद असतील, तर अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी असलेल्या रमाई आवास योजनेची चौकशी करा. ३० जून २०२१च्या अधिसूचनेने आपले गाव पुणे महापालिकेत आले. त्यामुळे आता चौकशी ग्रामपंचायतीत नाही, महापालिकेत करायची.

घ्यायचाच असेल तर काय बघाल?

टाइलची फरशी आहे, पैसे आहेत, गुडघ्यांचा त्रास आहे, तर मशीन घेण्यात गैर काही नाही. मग एवढे तपासा.

एक, प्लग. ही मशीन १२०० ते १५०० वॅटची असतात. १५०० वॅटला साधारण साडेसहा अँपिअर करंट लागतो. भिंतीवरचा साधा लहान सॉकेट ६ अँपिअरचा असतो, तो तापतो. १६ अँपिअरचा मोठा सॉकेट हवा, आणि त्याला खरे अर्थिंग हवे. तीन भोके दिसतात म्हणजे अर्थिंग असतेच असे नाही. वायरमनकडून तपासून घ्या. बारीक वायरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर हे मशीन कधीही लावू नका. ओली फरशी, अनवाणी पाय आणि गरम झालेली वायर हे एकत्र येता कामा नये. वीजबिलाची भीती मात्र नको. १५०० वॅटचे मशीन २० मिनिटे चालले तर अर्धे युनिट होते.

दोन, पाणी. आपल्याकडे बोअरचे आणि टँकरचे पाणी जड असते. बादलीला आणि नळाच्या तोटीला जो पांढरा थर धरतो, तोच मशीनच्या आत धरतो आणि वाफेची वाट बंद होते. थर साफ करण्याची सोय आहे का, टाकी सुटी निघते का, हे विचारा. टाकीत पिण्याचे आर.ओ.चे पाणी घाला. मशीनमधून बाजूला पडणारे आर.ओ.चे टाकाऊ पाणी घालू नका, त्यात क्षार जास्त असतात. ते पाणी साध्या फडक्याने फरशी पुसायला चालते.

तीन, कापड. सोबत किमान दोन कापडे हवीत, आणि सुटी कापडे नंतर मिळतात का ते बघा. कापडे मिळेनाशी झाली की मशीन कोपऱ्यात उभे राहते.

चार, दुरुस्ती. पुण्यात दुरुस्ती केंद्र आहे का? पक्के बिल मिळते का? वॉरंटी कार्डावर शिक्का आहे का?

पाच, वजन आणि वायरची लांबी. दुकानात हातात धरून बघा. खटका सोडला की वाफ थांबते का, तेही बघा.

टाकीत फिनाईल, डेटॉल, ब्लीचिंग, सुवासिक द्रव्य काहीही घालायचे नाही. ते तापून छातीत जाते.

वाफेने भाजले तर

वाफ दिसायला हलकी असते, पण उकळत्या पाण्यापेक्षा खोल भाजते. कारण सोपे आहे. एक ग्रॅम उकळते पाणी निवून अंगाच्या तापमानाला येताना साधारण ६३ कॅलरी उष्णता देते. एक ग्रॅम वाफेचे नुसते पाणी होतानाच ५४० कॅलरी सुटतात, आणि मग ते पाणी निवतानाच्या ६३ आणखी. हे सगळे आपल्या कातडीवर होते.

म्हणून मशीन चालू असताना पायात चप्पल हवी. कापड बदलण्याआधी प्लग काढा आणि थंड होऊ द्या. लहान मूल खोलीत नको.

भाजलेच तर लगेच बांगड्या, अंगठी, जोडवी काढा, नंतर सूज येते. भाजलेला भाग २० मिनिटे साध्या थंड पाण्याखाली धरा. नळाला पाणी नसेल तर बादलीत हात-पाय बुडवा किंवा मगाने पाणी ओतत राहा. या कामासाठी पाण्याची काटकसर करायची नाही. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई, तेल काही लावू नका. फोड फोडू नका. स्वच्छ धुतलेले कापड सैल झाका. चेहरा, हात, पाऊल किंवा सांधा भाजला असेल, किंवा लहान मूल भाजले असेल, तर घरी थांबू नका. १०८ला फोन करा.

कामाच्या घरी मशीन हातात देताना ते कसे वापरायचे हे दाखवून देणे ही मालकांची जबाबदारी आहे. भाजले तर उपचाराचा खर्च कोणाचा, हे आधीच बोलून घ्या. संकोच करू नका. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८चा कल्याण मंडळाचा कायदा आहे. १८ ते ६० वयाच्या भगिनींनी मंडळात नोंदणी करून घ्यावी.

मशीन नसेल तर: दोन बादल्यांची रीत

दवाखान्यात आम्ही फरशी कशी पुसून घ्यायचो, तीच रीत घरात चालते. सरकारी दवाखान्यांच्या स्वच्छतेसाठी २०१५ साली कायाकल्प योजना सुरू झाली. दवाखान्यांत तीन बादल्यांची पद्धत शिकवली जाते. घरी दोन पुरतात.

पहिले काम धुळीचे. वाघोलीच्या आसपास दगडखाणी आणि खडी क्रशर आहेत, शिवाय नगर रस्त्याची धूळ. कोरड्या झाडूने ती उडते आणि दम्याच्या माणसाच्या, लेकराच्या छातीत जाते. म्हणून आधी पाण्याचा हलका शिपका मारा किंवा ओलसर फडक्याने धूळ गोळा करा.

मग एका बादलीत साबणाचे पाणी, दुसऱ्या बादलीत साधे पाणी. कपडे धुण्याची पावडर बादलीला एक चमचा पुरे. साबणाच्या पाण्यात फडके बुडवून पुसायचे, मळले की साध्या पाण्यात खळबळून पिळायचे, मगच पुन्हा साबणाच्या पाण्यात. म्हणजे साबणाचे पाणी शेवटपर्यंत स्वच्छ राहते. सुरुवात बाळाच्या जागेपासून, शेवट मोरी आणि दारापाशी. मोरीचे फडके वेगळे, खोलीचे वेगळे. दोन रंगांची ठेवा, म्हणजे घरातला कोणीही चुकणार नाही. उरलेले पाणी संडासात ओता.

आणि सगळ्यात महत्त्वाचे: फडके. ओले फडके रात्रभर मोरीत गोळा करून ठेवले की त्यात जंतू वाढतात, आणि सकाळी आपण तेच घरभर फिरवतो. पुसून झाल्यावर फडके साबणाने धुवा, उन्हात ताणून वाळवा. आठवड्यातून एकदा जुन्या भांड्यात पाच मिनिटे उकळा. सात हजारांच्या वाफेचा मोठा भाग इथेच, चुलीवर, फुकट मिळतो.

खाली बसून पुसणे जमत नसेल तर लांब दांड्याचा मॉप किंवा स्पिन मॉप घ्या. गुडघे वाचतात.

ब्लीचिंग पावडरचे माप

रोज ब्लीचिंगची गरज नाही. घरात जुलाब-उलटीचा रुग्ण असेल, पावसाळ्यात घाण पाणी आत आले असेल, तेव्हा वापरा. चार सपाट चहाचे चमचे म्हणजे साधारण १५ ग्रॅम, एवढे लक्षात ठेवा. नुसती फरशी पुसायला चार चमचे पाच लिटर पाण्यात. जुलाब किंवा उलटी पडलेल्या जागेसाठी तेच चार चमचे एक लिटर पाण्यात.

आधी घाण कागदाने किंवा चिंधीने उचला आणि जागा साबणाने धुवा, कारण घाण असली की ब्लीचिंगची ताकद वाया जाते. मग पाणी टाकून दहा मिनिटे थांबा. नंतर साध्या पाण्याने पुसून घ्या, तिथे बाळ रांगणार आहे. द्रावण प्लास्टिकच्या बादलीत, थंड पाण्यात, त्या दिवसापुरतेच करा. हातात मोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी बांधा. दार-खिडकी उघडी ठेवा.

ब्लीचिंग आणि संडासचे ॲसिड कधीही एकत्र करू नका. दोन्ही मिळून क्लोरीन वायू तयार होतो. बंद मोरीत तो छातीत गेला तर जीवावर बेतते. 'दोन औषधे मिसळली की डबल काम' हा गैरसमज आहे. फिनाईलही ब्लीचिंगमध्ये मिसळू नका. शहाबादी फरशीवर ॲसिड ओतले की जो फेस येतो, ती घाण निघत नसते, दगड झिजत असतो.

फिनाईल, ॲसिड, ब्लीचिंग कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवू नका. लेकरू सरबत समजून पिते. प्यालेच तर उलटी करवू नका, मीठपाणी पाजू नका. बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

शुद्धी वेगळी, स्वच्छता वेगळी

अनेक घरांत फिनाईलचा उग्र वास आला की फरशी स्वच्छ झाली असे वाटते. बाजारात आता गोमूत्राचे फिनाईलही 'शुद्धी'च्या नावाने मिळते. आपल्याला शुद्धी आणि स्वच्छता यांतला फरक कोणी शिकवायची गरज नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेब आणि आपली माणसे चवदार तळ्याचे पाणी प्यायली. त्यानंतर सनातन्यांनी तळ्याच्या शुद्धीसाठी पंचगव्याच्या १०८ घागरी त्यात ओतल्या. पिण्याच्या पाण्यात शेण आणि गोमूत्र ओतणे ही त्यांची शुद्धी, आणि माणसाची ओंजळ हा विटाळ! आरोग्याचे शास्त्र जात बघत नाही आणि वासही बघत नाही. जंतू मेले का, घाण निघाली का, एवढेच बघते. बाटली घेताना मशीन घेताना हाच प्रश्न विचारा.

नातवाचे जुलाब

आता ताईंच्या नातवाकडे येऊ. जुलाब फक्त फरशीतून येत नाहीत. पाण्यातून, दुधाच्या बाटलीतून, न धुतलेल्या हातांतून जास्त येतात. रांगणाऱ्या बाळाचे हात दिवसातून चार-पाच वेळा साबणाने धुवा. घरातल्यांनी संडासहून आल्यावर, बाळाची शी धुतल्यावर आणि बाळाला भरवण्याआधी साबण लावलाच पाहिजे. टँकरचे पाणी उकळून, झाकून ठेवा, ओगराळ्याने काढा. बाहेरच्या चपला दारातच ठेवा.

जुलाब झाले तर ओ.आर.एस.चे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण घाला, २४ तासांत संपवा. अंगावरचे दूध चालू ठेवा. झिंकच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या तर जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण करा. बाळ सुस्त झाले, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली किंवा शीत रक्त आले तर त्याच दिवशी दवाखाना. रोटाव्हायरसची लस ६, १० आणि १४ आठवड्यांना सरकारी लसीकरणात मोफत मिळते. पुढच्या बाळाच्या वेळी चुकवू नका.

फरशी पुसणार कोण?

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होता, स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. कोणी त्याच्याकडे बघत नव्हते. भगवान बुद्ध आणि आनंद तिथे आले. बुद्धांनी स्वतः पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले, आणि दोघांनी उचलून त्याला खाटेवर ठेवले. सम्यक संबुद्धांना जे काम हलके वाटले नाही, ते आपल्या घरातल्या पुरुषांना का वाटावे? दिवसभर चार घरांची फरशी पुसून आलेल्या बाईने घरी येऊन पाचवी पुसायची, हा नियम कोणी केला? दोन बादल्या आणि लांब दांड्याचा मॉप मुलाच्या हातातही शोभतो.

त्या बैठकीत शेवटी ताईंनी सातऐवजी तीन हजारांचे कर्ज घेतले. मोरीजवळचा फुटका कोबा करून घेतला, एक स्पिन मॉप आणला, दोन रंगांची फडकी केली. फडकी उकळायचे काम त्यांच्या मुलाने घेतले आहे. "मशीन मात्र मी पुढे घेणारच," असे त्या म्हणाल्या. जरूर घ्या ताई, पण टाइल बसवून आणि १६ अँपिअरचा सॉकेट लावून.

नमो बुद्धाय, जयभीम.